बरा हायस का, असं विचारू नका

सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. त्या घडीला माझा दुसरा जन्म झाला. त्याआधी मी बिरवाडीतल्या एका लग्नाची पत्रिका होते. लग्न लागलं, मांडव सुटला, आणि मी आम्रपालीच्या पिशवीत बाळाच्या दुपट्याखाली पडून राहिले. माझी पाठ कोरी होती. तीच आज बोलतेय.

महाडच्या एका दवाखान्यात आम्रपाली कडेवर पोर घेऊन आली होती. सोबत तिचा थोरला भाऊ, बुद्धरत्न. तो स्वमग्न आहे हे तिशी उलटल्यावर कळलं. तोवर 'येडा' म्हणून सगळे मोकळे. कारखान्यात डब्यांना लेबलं लावायचा, एक वाकडं नाही. पण जागा बदलली, नेमकी भोंग्याखाली आली, आणि पोरं मुद्दाम त्याच्या कानाशी डबे बडवायची. त्या सकाळी, चहा मागावा तशा आवाजात तो म्हणाला, "मला जगायचं नाय गो. आज."

तिनं त्याला तसाच रिक्षात घातला.

तातडीच्या खोलीत आम्रपालीनं त्याचं सकाळचं बोलणं सांगितलं. डॉक्टर शर्मिलांनी त्याला विचारलं, "काय, बरा आहेस ना?"

"बरा हाय," बुद्धरत्न म्हणाला, आणि हसला.

"बघा, हसतोय. घरी न्या. लग्नाचं बघा, मन रमेल."

आम्रपाली दारातून मागं वळली. बरा हायस का विचारलं की 'बरा हाय' म्हणायचं, हे आईनंच त्याला लहानपणी पाठ करून दिलेलं. पाहुण्यांपुढं शोभा नको म्हणून. अंग तापानं फणफणलं होतं तेव्हाही तो तेच म्हणाला होता.

तिनं मला बाहेर काढलं, रिक्षावाल्या गणूमामांचं पेन घेतलं. सातवीपर्यंतचं अक्षर. पण लिहिलं:

'बरा हायस का असं विचारू नका. ते उत्तर आमीच पाठ करून दिलंय. दादा घाबरला की हसतो. रडत नाय म्हणजे दुखत नाय असं नाय. ट्यूब बंद करा, तिची घरघर त्याला सोसत नाय. एका वेळी एकच, सरळ विचारा. त्याला खोटं येत नाय.'

"डॉक्टरला शिकवतेस काय गो?" गणूमामा म्हणाले.

"शिकवते! घरी नेल्यावर काय झालं तर तुमी येणार हाव?"

डॉक्टरांनी मला दोनदा वाचलं. ट्यूब बंद केली.

"बुद्धरत्न, तुझा आज जीव द्यायचा विचार आहे का?"

"हो. संध्याकाळी."

डॉक्टर आम्रपालीकडे वळून हळूच म्हणाल्या, "ताई, चुकलं माझं." त्यानंतर त्याला क्षणभर एकटं सोडलं नाही. गाडीनं थेट मनाच्या डॉक्टरांकडे. मी त्याच्या खिशात.

याला आठ महिने झाले. औषध चालू आहे, बोलणं चालू आहे, आणि काम आता मागच्या शांत गोदामात. मी प्लास्टिकच्या कव्हरात ऐटीत असते. गेल्या महिन्यात तो विचार परत आला. पण या वेळी बुद्धरत्न स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेला, मला टेबलावर ठेवलं, आणि खाली स्वतः लिहिलेल्या ओळीवर बोट टेकवलं: 'विचारा. मी खरं सांगतो.'

दोन दिवस तिथं राहून घरी आला तो भाचीच्या कपाळावर टिकली लावायलाच बसला. लेबलासारखी, अगदी सरळ!

तुमच्याही घरात, आळीत असा कुणी असेल. पत्रिका कुणाच्या घरी नसते? पाठ कोरीच असते तिची. त्याला कसं विचारायचं ते तिच्यावर लिहा, त्याच्या खिशात ठेवा. आणि ही गोष्ट शेजारच्या घरी सांगितल्याशिवाय राहू नका.