पुलाची पाठ

प्रणितने पिकअपमधून पूल उतरवून दारात ठेवला आणि पुनमने तो पाहताक्षणी ओळखला. न ओळखायला काय झालं, तिच्याच हातचा होता. मागच्या निवडणुकीच्या तोंडावर तिने ते मॉडेल बनवलं होतं. खाली प्लायवूडवर रंगवलेली निळी नदी, दोन्ही काठांना स्पंजाची झाडं, आणि एका काठावरून उठून मांजराच्या पाठीसारखा वर चढत दुसऱ्या काठावर उतरणारा, एकाच ॲक्रिलिक शीटचा वाकवलेला रस्ता. त्या वाकलेल्या पट्टीला ती पुलाची पाठ म्हणायची. आता ती पाठ ओरखड्यांनी धुरकट झाली होती, एका टोकाला तडकली होती, आणि झाडं उंदरांनी खाऊन टाकली होती.

"याले काऊन आणलं, प्रणितभाऊ?"

"परत भूमिपूजन आहे ना ताई. नवे साहेब येऊन राह्यले. हा पट्टा बदलवून द्या, झाडं लावून द्या आन् पाटीवरचं नाव बदलवा. शुक्रवारी पाह्यजे."

"भूमिपूजन तर झालं होतं."

"ते मागच्या साहेबायनं केलं होतं." प्रणित हसला. तो कंत्राटदाराचा माणूस होता, सांगितलेलं काम इकडून तिकडे पोचवणारा. मनाने वाईट नव्हता. पण त्या हसण्याने पुनमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आन् पूल कधी बांधणार हाय?"

"ते वरचे लोक जाणे, ताई. आपल्याले काय करायचं?"

पिकअप धूळ उडवत निघून गेली. घुग्घुसच्या त्या रस्त्यावर ट्रक थांबत नाहीत आणि धूळही बसत नाही. पुनम दारातच उभी राहिली. समोर प्लायवूडवर तिच्या माहेरची नदी पडली होती.

माहेर भुरकीटोल्याचं. आलापल्लीच्या रस्त्याने जाताना एका वळणावर जंगलात पायवाट उतरते, ती थेट नदीवर जाऊन थांबते, आणि पलीकडच्या काठावर धानाच्या बांध्या दिसतात, ते गाव. लग्न होऊन पुनम घुग्घुसला आली. नवरा हेमराज सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर जायचा. ती नवाबभाईंच्या चमकत्या पाट्यांच्या दुकानात कामाला लागली, प्लास्टिक कापायला, तापवायला, वाकवायला तिथेच शिकली, आणि पुढे घरामागच्या खोलीत स्वतःचं मॉडेलचं काम सुरू केलं. शाळा, दवाखाने, वसाहती, जे सांगतील ते छोटं करून द्यायची. पुलाचं काम आलं तेव्हा नदीचं नाव तिने पुन्हा पुन्हा वाचलं होतं. भाऊ धनराजने फोनवर साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं, "आमच्या पोरीनं पूल बांधला रे!"

आणि मागच्या श्रावणात धनराजच्या बायकोला, रंजीताला, कळा सुरू झाल्या. नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. ॲम्ब्युलन्स अलीकडच्या काठावर दिवा फिरवत उभी होती. तो दिवा गावातून दिसत होता. पोचू नावाड्याने डोंगा काढायला आधी नाही म्हटलं, मग काढला. मुलगा नदीच्या मधोमध झाला आणि रडला नाही. डोंगा काठाला लागला तेव्हा नर्सने त्याला हातात घेतलं आणि परत रंजीताच्या पदरात ठेवलं.

पुनम तेव्हा पोचली ती दुसऱ्या दिवशी. वहिनी तिला एवढंच म्हणाली, "तुहा पूल कुठी हाय बाई?"

दुसरं काही नाही. त्या एका वाक्याने पुनमला वर्षभर झोडपलं होतं.

हेमराज पाळीवरून आला तर खोलीची दारं-खिडक्या बंद, आत बेकरीतून घेतलेली जुनी भट्टी तापलेली आणि पुनम घामाने निथळत असलेली. खिडकी उघडायची सोय नव्हती. तापलेल्या शीटवर धुळीचा कण बसला की तो कायमचा आत रुततो.

"करून राह्यली ना?" हेमराजने विचारलं.

"दिसून नाई राह्यलं काय?"

"तू नाई केलं तर दुसरा कोणी करन, पुनम. चंद्रपुरात काय कमी लोक हायेत?"

"मंग दुसऱ्यालेच काऊन नाई दिलं? माह्याच दारात काऊन आणून आदळलं?"

हेमराज डबा ठेवून बाजूला झाला. तिच्या हातात मोजे होते आणि डोळ्यांत जाळ. अशा वेळी बोलण्यात अर्थ नसतो, हे त्याला माहीत होतं.

रागात काम नीट होत नाही. पहिली शीट तिने भट्टीत जास्त वेळ ठेवली. बाहेर काढली तर अंगभर बुडबुडे, उकळत्या आंबिलीसारखे. दुसरी घाईने लवकर काढली. लाकडी साच्यावर टाकून दाबली, ती अर्धी वाकली आणि कट्टकन मधोमध तुटली. पुनमने तो तुकडा भिंतीवर भिरकावला. मग खाली बसून दोन्ही हातांनी डोकं धरलं. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आला तो रागच, आणि या वेळी तो थंड होता.

तिसरी शीट तिने सावकाश तापवली. वरचा कागद सोलला, पुसली, भट्टीत ठेवली आणि दाराच्या फटीतून पाहत राहिली. शीटच्या कडा लवल्या, ती ओल्या पापडासारखी लुळी पडली, तशी दोन्ही हातांनी उचलून मऊ फलालीनचं फडकं अंथरलेल्या साच्यावर अलगद टाकली. वरून दुसरं फडकं टाकून, निवेपर्यंत तळहातांनी धरून ठेवली. घाई केली असती तर पाठ परत सरळ झाली असती. निवल्यावर उचलली, तर आरपार स्वच्छ आणि एका रेषेत वाकलेली. इतकी चांगली पाठ तिने आजवर काढली नव्हती.

"भारी झाली!" हेमराज म्हणाला.

पुनमने ती चादरीत गुंडाळली आणि लोखंडी पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावलं.

"हे इथीच राहीन."

"म्हंजे?"

"ते नदी नेतीन. झाडं नेतीन. दोनी काठ नेतीन. पाठ नाई देणार."

"बह्याड झाली काय? पुढं कोणी काम देईन काय तुले?"

"नको देऊ दे!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारची म्हातारी दारात येऊन उभी राहिली. "दोन दोन वेळा माह्या हातानं त्यायले खोटं बोलू देऊ काय? रंजीताच्या समोर? पाठ पाह्यजे असन तर आधी नदीवर टाका म्हणा!"

प्रणितला तिने सांगितलं, पट्टा रस्त्यात मोडेल, मी येऊन तिथेच जोडून देते. हे खोटं बोलताना तिला काहीच वाटलं नाही.

शुक्रवारी नदीकाठी मंडप होता. लाल गालिचा, खुर्च्या, स्पीकर. गावकऱ्यांना सकाळपासून डोंग्याने अलीकडे आणून बसवलं होतं. पुनमने मॉडेल टेबलावर मांडलं, नवी झाडं लावली आणि हात झटकून बाजूला झाली. दोन काठ, मध्ये निळं पाणी. पूल नाही.

प्रणितचा चेहरा पडला. "ताई, पट्टा?"

"घरी हाय."

"घरी? अवो, साहेब फाट्यावर आले! मजाक करता काय?"

"मजाक तुमी करून राह्यले. मी नाई."

त्याने हात जोडले, मग आवाज चढवला, मग कंत्राटदाराला फोन लावला. फोनवरून काय सांगितलं कोण जाणे. त्याने मंडपाच्या खांबावरचे झेंडूचे दोन हार ओढून काढले आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत असे अंथरले की मधली रिकामी जागा झाकून गेली. फुलांचा पूल झाला. पुनम पाहतच राहिली. इतकं सोपं होतं?

साहेब आले. नारळ फुटला, कुदळ मारली, टाळ्या झाल्या. मग ते टेबलापाशी आले, मॉडेलकडे नजर टाकली आणि म्हणाले, "वा, सुंदर! असाच सुंदर पूल आपल्याला इथे करायचा आहे." फोटो निघाले. मागचे अधिकारी माना डोलावत होते. एकालाही दिसलं नाही. पाठ पेटीत बंद करून तिने काय साधलं होतं? पूल असला काय, नसला काय, या लोकांना टाळ्या वाजवायला नुसता काठ पुरत होता.

पुनम पुढे निघाली, पण तिच्या आधी बायकांच्या घोळक्यातून रंजीता उठली होती. ती सरळ चालत टेबलापाशी गेली आणि कोणी काही म्हणायच्या आत दोन्ही हार उचलून खाली टाकले. मग रंगवलेल्या निळ्या पाण्यावर, अगदी मधोमध, बोट ठेवलं.

"माहा पोरगा इथी गेला."

साहेबांसमोरचा माईक चालू होता; ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"कोण आहेत या?" साहेबांनी मागे वळून विचारलं. "आणि यातला पूल कुठाय?"

"साहेब, ते येताना... प्रवासात तुटलं," एक अधिकारी म्हणाला.

"तुटलं नाई जी," पुनम म्हणाली. "मी बनवला. दोन खेपा बनवला. यावेळी आणला नाई. या नदीवर दुसऱ्यांदा नारळ फुटून राह्यला साहेब, आन् आमी अजून डोंग्यातच मरून राह्यलो. आधी इथी पूल टाका. मंग मी टेबलावर टाकीन."

मागून एक म्हातारा ओरडला, "बराबर हाय!" मग बायका बोलू लागल्या, सगळ्या एकदम. साहेब काहीतरी म्हणाले, "नक्की, नक्की" असं काहीसं, आणि गालिच्यावरून झपझप गाडीकडे गेले. पाटीवरचा पडदा घाईघाईने कोणीतरी ओढला. धूळ बसायच्या आत ताफा वळणापलीकडे गेला होता.

प्रणित मॉडेल गुंडाळता गुंडाळता हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, आता आमच्याकडचं काम बंद समजा तुमी." आणि तसंच झालं. त्या कंत्राटदाराचं काम तिला पुन्हा कधी मिळालं नाही.

पण त्याहून झोंबला तो धनराज. तो हातवारे करत आला. "काय केलं हे तुमी दोघीनं? आता भेटन काय पूल? चिडवून ठेवलं ना त्यायले! जो व्हणार होता तोई गेला!"

"कोणता व्हणार होता, दादा?" पुनम त्याच्यावर धावून गेली. "सांग ना! कोणता? तू टाळ्या वाजवून राह्यला होता पह्यल्या रांगेत. मागंई वाजवल्या. काय भेटलं तुले?"

"माह्या लेकराचं दुःख मले नाई काय?"

"मंग त्यायच्यावर ओरड! आमच्यावर काऊन?"

धनराज पाठ फिरवून काठाने दूर गेला आणि एका दगडावर जाऊन बसला. त्याला बोलवायला कोणी गेलं नाही.

बाकी गाव पलीकडे पोचवून, ऊन कलल्यावर पोचूने पुन्हा डोंगा पाण्यात ढकलला. पुनमही माहेरी मुक्कामाला निघाली होती. डोंग्यात पोचू, पुनम आणि रंजीता. पाणी उतरलेलं होतं, तरी मधली धार ओढत होती. धारेपाशी आल्यावर रंजीताने दोन्ही हातांनी डोंग्याची कड घट्ट धरली आणि काठावरच्या रिकाम्या मंडपाकडे तोंड करून एक शिवी हासडली. अशी की पोचूचा बांबू हातातच थांबला. मग दुसरी, साहेबांच्या गाडीला. तिसरी कुदळीला, चौथी त्या लाल गालिच्याला. बांधावर भांडणारी बाई जशी देते तशा, पोटातून, एकामागून एक.

"वहिनी!" पुनम म्हणाली, आणि मग तिनेही एक दिली.

पोचू म्हातारा होता, पण त्यालाही राहवलं नाही. त्याने आपल्या घरच्या तेलुगूत एक दिली. डोंगा धारेत हेलकावत होता, आणि तिघंही काठ लागेपर्यंत शिव्या देत राहिले.