सुरेखानं घेतलेलं नाव

शिट्टी जरा वर उचलली, थरथरली, वाफेचा फवारा सोडून पुन्हा खाली बसली... ही दुसरी. सहादेव ओट्यापाशी कुकरकडे एकटक बघत उभा होता. साखर कारखान्यात मिलच्या धडधडाटात ज्याची उमर गेली, त्याला आता घरातली शिट्टी डोळ्यांनी ऐकावी लागते – एरवी त्याचं त्यालाच हसू यायचं. आज आलं नाही. ‘डाळ बघा’ अशी हातानं खूण करून सुरेखा परसात गेली होती, आणि कालपासून ती त्याच्याशी बोलली असेल तर एवढंच.

काल वृषालीचं डोहाळजेवण झालं. लेकीची ओटी भरून झाल्यावर बायका सुरेखाच्या मागे लागल्या – नाव घे, नाव घे. सहादेव दारात, हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा घेऊन उभा. सुरेखानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, मान खाली घातली आणि बोलू लागली. मान खाली म्हणजे ओठ गेलेच. शेवटी कुठे मान वर आली, तेव्हा त्याला आपलं नाव तेवढं दिसलं – सहादेवराव – ते ओळखायला कान लागत नाहीत... आणि तो हसला. उखाण्यावर हसायचंच असतं, त्यात चुकायचं काय? एरवी तो आधी चार जणांचे दात बघायचा, मगच हसायचा. काल आपल्याच नावाच्या भरात घाई झाली. बहुतेक मोठ्यांदा हसला, कारण सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि त्यांच्यातलं एकही तोंड हसत नव्हतं. वृषाली डोळे पुसत होती.

असं काय बोलली असेल ती, माझ्या नावाला जोडून? वृषालीच्या वेळी ती अंथरुणाला खिळली होती, आणि मी कारखान्यातली पाळी सुटल्यावर येऊन वाकड्यातिकड्या भाकऱ्या थापायचो – ते असेल? की माझ्या कानांचंच काही, चारचौघांत... नाही, सुरेखा तसली नाही.

सकाळी त्यानं वृषालीला खिडकीच्या उजेडात बरोबर गाठलं होतं.

“काय म्हणली गं तुझी आई काल?”

“तुमी हुता की तितंच, आबा.” ती त्याच्याकडे रोखून बघत होती. “आन् हसला कशाला? आईला लई लागलंय.”

हे मात्र अक्षर न् अक्षर कळलं. तेव्हाच सांगून टाकायचं. पण तोंडातून आलं ते – “उगं आपलं आलं हसू.”

सवय. लेकीनं कौतुकानं आणलेलं कानाचं मशीन कपाटात पडून आहे. ऐकू येतंय की मला सगळं, म्हणायचं आणि मान हलवायची; मायलेकींनाही ते खरंच वाटतं. मागे शेजारच्या बिभीषणाला अशीच मान हलवली, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन शेळ्या आपल्या अंगणात. “हो म्हनला की तुमी,” बिभीषण म्हणाला, आणि सहादेवनं महिनाभर त्यांना मुकाट्यानं चारा घातला. शेळ्यांचं निभावलं. हे कसं निभवायचं? सुरेखाच्या लेखी आता तो तिच्या बोलण्याची टर उडवणारा नवरा... नाहीतर बहिरा. आणि आपण कालपासून पहिलंच पत्करून बसलोय, हे ध्यानात आल्यावर त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद करून तो परसात गेला. सुरेखा मेथी निवडत होती. तो तिच्यासमोर बसला, तरी ती वर बघेना.

“सुरेखा, काल मला ऐकू आलं न्हाई.”

तिचे हात थांबले.

“कालचंच न्हाई. लई दिस झालं. नुसती मान हलवतो मी.”

ती बघत राहिली. ह्याला वेड लागलं की हा थट्टा करतोय, असं बघत राहिली. मग तिचे ओठ हलले – भरभर, जेमतेम उघडून – आणि त्याला काही म्हणता काही कळलं नाही. मान आपोआप डोलायला लागली... हो, हो... त्यानं ती आवरली.

“परत बोल.”

मेथीची जुडी बाजूला सारून ती पुढे सरकली. पुन्हा बोलली, सावकाश. ‘घरात’ एवढाच शब्द हाती लागला, बाकी सगळं निसटलं.

“परत,” तो म्हणाला.

खरं तर ओशाळायला हवं होतं. पण त्याला हाव सुटली होती. तिनं चिडावं, रडावं, काय वाटेल ते बोलावं, त्यातलं काहीही सुटू नये. तिचे डोळे भरून आले होते – रागानं की कशानं, कळत नव्हतं. ओठ तिसऱ्यांदा उघडले तेव्हा तो चांगलाच भ्यालेला होता, पण त्याची मान जागची हलली नाही.