टोलिडोला गेलेली डेना

डेट्रॉइटच्या आमच्या रेकॉर्ड कंपनीत साहेबांपासून ड्रमवाल्यापर्यंत सगळे काळे. त्यात गेन्ससाहेबांनी पासष्ट साली डनूटाला आणून बसवली. पोलिश कसायाची पोरगी, वय एकोणीस, केस मक्याच्या तुऱ्यासारखे. गळा मात्र असा, की डोळे मिटून ऐकलं तर आमच्या चर्चमधली कुणी थोराड बाई गातेय असं वाटावं. साहेबांनी तिचं नाव डेना नोव्हेल केलं, रेकॉर्ड काढली आणि फोटो कुठेच छापला नाही. लोकांनी आधी ऐकावं, मग बघावं, असं त्यांचं म्हणणं.

मी आणि व्हर्लीन तिच्यामागे साथीला गायचो. व्हर्लीन कंपनी निघाली तेव्हापासूनची, स्वतःच्या रेकॉर्डची वाट बघून कंटाळलेली. डनूटा गाताना जॉर्जियासारख्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या आमच्या बायांसारखे हेल काढायची. व्हर्लीन चेहरा गंभीर ठेवून विचारायची, "काय गं, जॉर्जियात तुमचं शेत कुठल्या अंगाला?" डनूटा लालेलाल व्हायची. दुसऱ्या दिवशी घरून पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या त्यांच्याकडच्या करंज्या, आणून व्हर्लीनपुढे ठेवायची. त्यांना नावं ठेवत व्हर्लीन डबा चाटूनपुसून संपवायची.

डेनाचं गाणं आमच्या काळ्यांच्या रेडिओवर गाजलं आणि टोलिडो शहरातल्या आमच्याच लोकांच्या एका डान्स हॉलचं बोलावणं आलं. हॉलचे मालक पर्नेल टेट फुलं घेऊन दारातच उभे होते. ते सरळ व्हर्लीनकडे गेले. "या डेनाबाई." मग डनूटाला त्यांनी अदबीनं विचारलं, की आपण कंपनीच्या ऑफिसातून आलात का. डनूटानं घाबरून हो म्हणून मान हलवली.

व्हर्लीननं फुलं घेतली. मेकअपच्या खोलीत ती मोठ्या आरशापुढच्या खुर्चीत बसली, तळलेली कोंबडी मागवली, पंख्याला वाराच नाही म्हणून तक्रारही केली. डनूटा कोपऱ्यात आमचे कोट मांडीवर घेऊन बसलेली. मी व्हर्लीनला कोपरानं ढोसलं, तर म्हणाली, "बसू दे गं जरा. खुर्ची काय झिजणार आहे?"

हॉल भरला. डनूटानं पडद्याआडून डोकावून पाहिलं आणि पांढरीफटक होऊन परत आली.

"तूच गा," ती व्हर्लीनला म्हणाली. "तुला सगळं पाठ आहे. आणि ते तुझीच वाट बघतायत."

चेष्टा नव्हती ती. व्हर्लीन आरशात बघत राहिली. मला वाटलं, आता ही उठते आणि जाते. कोण ओळखणार होतं? पण तिनं पावडरचा पफ उचलला आणि डनूटाच्या घामेजलेल्या नाकावर फिरवला. "आणि उद्या रेडिओवर तुझा आवाज लागला, की मी लोकांना काय सांगू? सर्दी झाली होती म्हणून? ऊठ."

टेटनी डेनाचं नाव पुकारलं. व्हर्लीन तिला हाताला धरून मंचावर घेऊन गेली आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. पहिल्या रांगेतली टोपीवाली म्हातारी म्हणाली, "पोरी, वाट चुकलीस का?"

हशा पिकला.

"नाही हो मावशी. डेना मीच."

"बरं. मग गा, बघू."

भीतीनं डनूटाचे ते उसने हेल कुठल्या कुठे पळाले. उरली कसायाची पोरगी. गाण्यातल्या प्रियकराला सरळ विचारत होती, की तू काल घरी का आला नाहीस. आवाज थरथरला तिथे व्हर्लीननं खालून सूर धरला. तिसऱ्या कडव्याला म्हातारी उठून उभी राहिली, आणि मग कुणीच बसून राहिलं नाही.

टेट खजील होऊन माफी मागायला आले. डनूटा म्हणाली, तिला त्या कोपऱ्यात कोट सांभाळत फार बरं वाटत होतं, कुणी गायला लावत नव्हतं.

आठवड्याभरात टेट यांचा साहेबांना फोन आला. डेना छानच गायली, पण ती दुसरी, रुबाबदार, तिची रेकॉर्ड कुठे मिळेल? हिवाळ्यात साहेबांनी व्हर्लीनचं गाणं रेकॉर्ड केलं. मागे साथीला मी आणि डनूटा. डनूटा गाता गाता सवयीनं सारखी पुढे माइककडे सरकायची, आणि व्हर्लीन सूर न सोडता तिला ढुंगणानं मागे ढकलायची.