मुंग्यांच्या पानाची वाट

“इंटरनेटवरचं आमचं पान उघडलं की मुंग्या मारायची पावडर येते रे,” सर म्हणाले. “तुला यातलं कळतं, म्हणून आलो.”

कचेरीत त्याला सगळे ‘शिडी’ म्हणत. कुणाचेही पान शोधाच्या यादीत वर चढवून देणे हा त्याचा धंदा होता. सरांसाठी खुर्ची ओढताना त्याने त्यांच्याकडे पाहिले नाही.

“हसू नकोस हं,” सरांबरोबर आलेल्या काकू म्हणाल्या. “जन्मभर यांनी मुंगीवर पाय पडू दिला नाही. साखरेच्या डब्याला घट्ट झाकण लावलं तरी माझ्यावर डोळे वटारतात. आणि आता ही शोभा!”

सरांनी त्याला कॉलेजात जीवशास्त्र शिकवले होते. निवृत्तीनंतर मुंगीची एकेक जात निरखून त्यांनी ते पान उभे केले. देशोदेशींची विद्यापीठे आपल्या वाचकांना तिकडे धाडू लागली. शोधयंत्र या बाबतीत सुसंस्कृत समाजासारखेच वागते: मजकुराची पारख करण्यापेक्षा, कोण कोणाकडे बोट दाखवतो हे मोजणे त्याला सोपे जाते. बोट प्रतिष्ठिताचे असले की पानाला वजन येते. विषय जुळला की अधिकच. मात्र ते वजन पानाच्या पत्त्याला चिकटते, लिहिणाऱ्याला नव्हे.

सर इस्पितळात असताना त्या पत्त्याचे वार्षिक भाडे भरायचे राहिले आणि त्याची मुदत संपली. असे सुटलेले पत्ते हेरणे हे शिडीचेच काम. हा सरांचा, हे त्याने पाहताक्षणी ओळखले होते. ‘टाकलेलं घर आहे,’ अशी स्वतःची समजूत घालून त्याने तो घेतला आणि तिकडे येणारी सारी वाट कचेरीचे गिऱ्हाईक असलेल्या पावडरवाल्याच्या दुकानाकडे वळवली. पावडर यादीत पहिली आली. साहेबांनी सर्वांसमक्ष त्याची पाठ थोपटली.

“कोण मेला करतो रे असलं?” काकूंनी विचारले.

“असतात असे लोक, काकू.” आपला आवाज इतका स्वच्छ निघावा, याची त्याला किळस आली.

“अगं, त्यालाही पोट असेल,” सर म्हणाले. “परत मिळेल का, एवढंच बघ. एक जात लिहायची राहिलीय. नजर आहे तोवर उरकावं म्हणतो.”

पत्ता परत दिला की पावडर घसरणार, आणि मग या खुर्चीत दुसरा कोणी बसणार. शिडीने कळफलक पुढे ओढला. पत्ता कोणता, कोणाकडे नोंदवला होता, यातले त्याने काहीच विचारले नाही. सांकेतिक शब्द बोटांनीच भरला. पडद्यावर मालकाच्या रकान्यात त्याचे स्वतःचेच नाव उमटले.

काकू पिशवीत आपला चष्मा शोधत होत्या. सरांचा डोळ्यांवरच होता.

“काय दिसतंय हो? मला बघू दे की.”

“राहू दे चष्मा,” सर म्हणाले. “होतंय त्याचं.”

आणि कोणी कपडे बदलत असताना माणूस जसा वळून उभा राहतो, तसे ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.