उलट्या गुंडाळीचं पागोटं

बिश्केकच्या ओकच्या बागेत वीस मिनिटांत माणूस कागदावर उतरवून देणारे आम्ही अकरा जण बसतो. दहा जण कलाशाळेत शिकलेले, अकरावी मी. मी शिकले ती शेजारच्या खुर्चीतल्या केनेशबेक बाइकेंच्या कोपराकडे बघून. कोपराकडेच, कारण पहिली दोन वर्षं ते मला हात दिसू देत नसत. मग त्यांचा राग गेला, मग चहा आला, मग दोघांत मिळून थर्मास एकच झाला. बाइके म्हणजे मोठा भाऊ. आम्ही कुणाही वडीलधाऱ्या पुरुषाला तसं म्हणतो, पण त्यांना मी मनापासून म्हणत होते, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या पाठीमागे दोरी असते. तिच्यावर चिमट्यांनी थोर लोक टांगलेले असतात: दाढीवाले योद्धे, अंतराळवीर, कोमुझ वाजवणाऱ्या गायिका. थोरांचे कान सगळे सारखेच असतात, कारण कुणी पाहिलेले नसतात. त्यांत आकबेर्मेत तर हवीच. अलायच्या डोंगरातली गायिका, दीडशे वर्षांपूर्वीची. झारच्या कारकुनांना गाण्यातून असं टोचलं की ते करवसुली सोडून परत फिरले म्हणतात. तिचा फोटो नव्हताच. त्यामुळे दोरीवर अकरा जणांच्या अकरा आकबेर्मेत, एकीचं तोंड दुसरीशी जुळत नाही.

मला स्वतःला थोरांपेक्षा साधी माणसं काढायला आवडतात. कुरुतचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, गोळे विकणारी बाई, तिकीट फाडणारा, सुट्टीवरचा शिपाई. आणि माझ्याकडे जास्त येतात ती मेलेली माणसं. वर्षाच्या जेवणाला, आमच्या आशला, गेलेल्याचं चित्र घरातल्या रजयांच्या उतरंडीपुढे ठेवतात आणि मग नातेवाईक बसतात. लोक अंगठ्याएवढा पासपोर्टचा फोटो आणून देतात आणि म्हणतात, जरा हसरे काढा, घरात कधी हसले नाहीत. मी हसवते.

माझी आई, सायराकान आपा (आईला आणि मानाच्या बाईला आम्ही आपा म्हणतो), तिला मात्र मी कधी काढलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तसं. शेवटच्या हिवाळ्यात तिला डॉक्टरांनी मोकळेपणाने सगळं सांगितल्यावर तीच म्हणाली, "दुसऱ्यांच्या आया रंगवतेस, मी काय नुसती चहा करायला आहे?" आणि पेटीतून तिचं एलेचेक काढून बसली. एलेचेक म्हणजे लग्न झालेल्या बाईचं पांढरं पागोटं, कित्येक हात कापडाचं. आपा डावखुरी. सगळ्या बायका ज्या बाजूने गुंडाळतात त्याच्या उलट बाजूने तिची गुंडाळी जायची. सासूने पंचवीस वर्षं बोलून पाहिलं, मग सासूच थकली.

सहा वेळा बसली ती माझ्यासमोर. मी कोरड्या कुंचल्याने काढलं: काळा तैलरंग कुंचल्याला लावायचा, जुन्या वर्तमानपत्रावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि जो काही उरेल त्याने घासत जायचं. जमलं तर चार पावलांवरून फोटोच वाटतो. हे जमलं होतं. डाव्या गालावरचा तीळ, डोळ्यांखालची सूज आणि ओठांच्या कडेला तो भाव, की मी आता काहीतरी बोलणार आहे आणि ते तुला आवडणार नाही.

फ्रेम करायला मी ते बाइकेंकडे दिलं, कारण काच कापायचं हत्यार त्यांच्याकडे होतं. आपा ऑक्टोबरात गेली. बाइके अंत्यविधीला सगळ्यांच्या आधी आले होते. फ्रेमचं विचारलं की म्हणायचे, ओशहून अक्रोडाचं लाकूड येतंय, आईला काय खोक्याच्या फळीत बसवू? मलाही ते पटायचं. आश वर्षाने होती, घाई नव्हती.

जूनमध्ये कॉलेजातली एक मुलगी माझ्यासमोर बसली. तिला पागोटं घातलेलं चित्र हवं होतं. कसलं पागोटं, म्हटलं, तर तिने मोबाइल पुढे केला. ताईला आम्ही एजे म्हणतो. म्हणाली, "एजे, आकबेर्मेत आपाचा खरा फोटो सापडला ना, तसं. सगळीकडे लागलाय, दीडशेव्या जयंतीच्या पोस्टरवर."

मोबाइलमध्ये माझी आई होती. चहाच्या रंगाची झालेली, एक कोपरा फाटलेली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे दुर्मीळ छायाचित्र चित्रकार केनेशबेक यांनी शोधून काढलं.

मी त्या मुलीला काढलं. फार सुंदर काढलं. तिची मैत्रीण म्हणाली, एवढी छान तू दिसत नाहीस. हात कशावर चालला होता मला ठाऊक नाही.

ती गेल्यावर मी शेजारी बघितलं. बाइके नानची भाकर तोडत होते आणि माझा तुकडा त्यांनी नेहमीसारखा थर्मासच्या झाकणावर ठेवला होता. मी काही विचारायच्या आतच त्यांच्या लक्षात आलं, कारण ते भाकर तोडतच राहिले, दोन माणसांना किती लागते त्याचा विसर पडल्यासारखे. मग खाली बघून सगळं सांगितलं. जयंती समारंभाच्या समितीतला एक माणूस त्यांच्या घरी आला होता, टेबलावर चित्र होतं, त्याला तो जुना मोठा केलेला फोटो वाटला, हा कुणाचा म्हणाला. आणि यांच्या तोंडून 'आकबेर्मेतचा' असं निघून गेलं.

"चाळीस वर्षं या झाडाखाली बसतोय, रापिया," ते म्हणाले. "माझी सही कुणी वाचली का? त्याने माझं नाव वहीत लिहून घेतलं. बापाच्या नावासकट."

मी म्हटलं, नाव तुमचं, तोंड माझ्या आईचं, मग आकबेर्मेत बिचारीचं काय? त्यावर त्यांना हसू आलं आणि मलाही थोडं आलं, आणि तिथेच मी फसले. हसलेल्या माणसाला पुढे भांडता येत नाही. चित्र समितीकडे काचेखाली आहे, समारंभ झाला की आशच्या आधी घरी आणून देतो, तोवर तेवढं तोंड मिटून राहा, म्हणाले. तुझी आई शाळाशाळांत लागलीय, यात वाईट काय? मी राहिले. अठरा वर्षांच्या चहाने माणूस मऊ पडतो.

पण आईला दर वळणावर भेटणं सोपं नव्हतं. बसथांब्यावर ती, दवाखान्यात ती, दुधाच्या पिशवीवरही ती. शेजारीण म्हणाली, आकबेर्मेत तुझ्या आईसारखी दिसते नाही थोडी? पुढे म्हणाली, पण आकबेर्मेतच्या चेहऱ्यावर तेज आहे. ते तेज मी तीन नंबरच्या कुंचल्याने, रंग पुसून पुसून काढलं होतं.

सप्टेंबर उजाडला तरी चित्र येईना, तेव्हा मी समितीच्या कचेरीत गेले. तिथल्या तरुण बाई सभ्य होत्या. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि काचेखालची वस्तू दाखवली. ती तळहाताएवढी होती. चित्राचा काढलेला फोटो, चहात बुडवून वाळवलेला. माझा दोन हात लांबीचा कागद तिथे कधी आलाच नव्हता.

मग मी सगळं बोलले. आईचा फोटो आहे का, त्यांनी विचारलं. मी पासपोर्टचा दिला. त्यात आपा पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, बांधलेल्या रुमालात, तीळ शिक्क्याखाली दबलेला, एखाद्या गुन्ह्यातल्या साक्षीदारासारखी बघतेय. बाईंनी दोन्ही शेजारी धरले आणि माझ्याकडे फार दयाळूपणे पाहिलं. तेव्हा मी माझा हुकमी पत्ता काढला. म्हटलं, गुंडाळी बघा. उलटी आहे. जगात अशी गुंडाळी एकच बाई करायची, आणि ती माझी डावखुरी आई. बाईंनी ते लिहून घेतलं, खाली रेघ ओढली आणि केनेशबेक बाइकेंना बोलावणं पाठवलं.

ते कोट घालून आले. माझ्याशेजारी बसले नाहीत, समोर बसले. बाईंनी विचारलं, या म्हणतात ते खरं का? मी त्यांच्याकडे बघत होते आणि खरं सांगते, मला भीती वाटत नव्हती. मला वाटत होतं, बिचाऱ्यांना आता किती लाज वाटणार.

"रापिया माझ्याकडे बघूनच शिकली," ते म्हणाले. "गुणी आहे. पण माझ्याकडचं बघून काढायची तिला सवय. हा फोटो माझ्याकडे तिने पाहिला, आईच्या दुःखात होती, त्यात तिला आई दिसली. तिला दोष देऊ नका."

तिला दोष देऊ नका! तोडायचं ते तोडलं आणि वर पट्टीही बांधली. मी बघूनच शिकले होते, हे तर खरंच होतं. खोट्याच्या तोंडाशी त्यांनी खऱ्याचं बूच बसवलं होतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

गुंडाळीचं मात्र बाईंना पटलं. जुन्या काळी निगेटिव्हची काच चुकून उलटी धरून फोटो छापला जायचा, तसंच झालं असणार, असं बाइकेंनी सुचवलं, आणि समितीने माझे आभार मानणारं पत्र पाठवलं. पुढच्या छपाईत फोटो पलटला. गुंडाळी सरळ झाली, तीळ उजव्या गालावर गेला. आपाच्या सासूला जे पंचवीस वर्षांत जमलं नाही ते सरकारी कागदाने एका दिवसात केलं.

कचेरीच्या पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं. चित्र कुठे आहे एवढंच विचारलं.

"शेगडीत," ते म्हणाले. "पुरावा राहिला असता ना."

त्यानंतर मी बागेत गेले नाही. घरी कागद ताणून बसले. दुसऱ्यांच्या शेकडो आया हसवलेला हात, पण आपा येईना. जे उतरायचं ते पोस्टरच, तेजासकट. चार कागद फाडले. आशचा दिवस आला तेव्हा रजयांच्या उतरंडीपुढची जागा मोकळी होती. तिथे मी तिचा चष्मा ठेवला आणि वर आडवा रुमाल टाकला, जसं काही मुद्दाम तसं करायचं होतं.

माणसं जमली. मेंढी शिजली होती. नारीनहून आपाची धाकटी बहीण, कुलीपा मावशी, आली, मोकळ्या जागेकडे बघितलं, चष्म्यावरचा रुमाल सरळ केला आणि बसली. आणि तेवढ्यात दारात केनेशबेक बाइके. आशला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवत नाहीत, शत्रूलाही नाही. त्यांच्या हातात अक्रोडाच्या लाकडाची फ्रेम होती.

आत आपा होती. पागोट्यातली नाही, डोक्याला रोजचा रुमाल, दोन्ही हातांत थर्मास, बागेच्या फाटकातून मला डबा आणून द्यायची तशी. डाव्या गालावर तीळ. ओठांच्या कडेला तेच, आवडणार नाही असं काहीतरी. कान तर मला कधी जमले नसते इतके खरे. त्यांनी तिला नुसत्या आठवणीतून काढलं होतं.

मावशी रडत उठली. "सायराकान," म्हणाली आणि काचेवर गाल टेकवला. मला ती फ्रेम फेकून द्यायची होती आणि मला ती हवी होती. मी ती चष्म्यामागे ठेवली. कोपऱ्यात त्यांची सही होती, ठळक.

मांसाचे वाटे झाले. वयाने सगळ्यांत मोठे तेच, म्हणून मानाचं हाड मी माझ्या हाताने त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मावशीने डोळे पुसत विचारलं, कुणी काढलं एवढं सुंदर? मी त्यांचं नाव सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आणि तू गं?" मावशी म्हणाली. "साऱ्या शहराची तोंडं काढतेस, स्वतःच्या आईला एकदा काढावंसं नाही वाटलं?"

खोलीत वीस माणसं होती. मी बाइकेंकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. अर्धं वाक्य बोलले असते तरी पुढचं मी सावरून घेतलं असतं, त्यांची अब्रू राखूनसुद्धा. ते हाडावरचं मांस सुरीने सोडवत होते, फार काळजीपूर्वक, मान खाली घालून. सुरी थांबली. मग पुन्हा चालू लागली.

"राहून गेलं, मावशी," मी म्हटलं.

मग मी चहा घ्यायला उठले. आमच्याकडे पाहुण्याची पियाली अर्धीच भरतात, म्हणजे तो पुन्हा मागेल, बसेल, बोलेल. मावशीला अर्धी दिली, सगळ्यांना अर्धी दिली. बाइकेंची पियाली मी काठोकाठ भरली, चहा वर फुगून थरथरेपर्यंत, आणि दोन्ही हातांनी अदबीने त्यांच्यापुढे धरली. मावशीने पियालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

त्यांनी ती घेतली. एक थेंब न सांडता, सगळी प्यायले. मग हात चेहऱ्यावरून फिरवून दुवा पुटपुटले आणि टोपी शोधायला उठले.