साहेबांचं बोट आणि मामाची काच

साहेबांना बोट बुडवायची भारी हौस. प्रयोगशाळेत पाहुणा आला, मग तो मोठा शास्त्रज्ञ असो नाहीतर एसी दुरुस्त करायला आलेला माणूस, साहेब कपाटातून ती बाटली काढायचे. मधासारखा पिवळसर, घट्ट द्रव वाडग्यात ओतायचे, बाही मागे सारायचे आणि उजवी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत आत घालायचे. "वास नाही! वाफ नाही! काडी लावा, पेटणार नाही! आयॉनिक लिक्विड आहे हे. पातळ झालेलं मीठच म्हणा ना!" मग बोट रुमालाला पुसायचे आणि तोच रुमाल कपाळावरून फिरवायचे. पोरं त्यांना पाठीमागे बोटबुडवे म्हणायची.

मामाला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. मामा म्हणजे संस्थेचा काचवाला. तळमजल्यावर बर्नरसमोर बसून तो फ्लास्क फुंकायचा, नळ्या वाकवायचा, पोरांनी फोडलेलं सांधायचा. त्याची भाची साहेबांच्या हाताखाली संशोधन करायची. ती मामा म्हणते म्हणून अख्खी इमारत त्याला मामा म्हणायला लागली. साहेबसुद्धा, आणि ते त्याच्याहून चार वर्षांनी थोरले! मामाच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि त्याला ते कोणाशीही न भांडता काढायचे होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने असा काही बेत केला होता.

सोमवारी भाची तडा गेलेला फ्लास्क घेऊन खाली आली. मामाने तो उजेडात धरला आणि त्याचा चेहराच उतरला. फ्लास्क आतून पांढुरका, खरखरीत झाला होता. धुतला, पुसला, पुन्हा पाहिला. डाग नव्हता तो, काचच खाल्ली गेली होती.

"यात काय शिजवत होतीस?"

"तेच. साहेबांचं लिक्विड, पाण्याबरोबर, चार दिवस गरम. मी साहेबांना दाखवला फ्लास्क. ते म्हणाले, काच हलकी असणार."

"काच हलकी?" मामाचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असेल. "नाचता येईना अंगण वाकडं! तीस वर्षांत माझ्या काचेला कोणी हलकी म्हटलं नाही. अगं, काच खाणारं एकच आहे दुनियेत, हायड्रोफ्लोरिक ॲसिड. आमचे उस्ताद त्याने काचेवर खुणा कोरायचे. एकदा थेंबभर बोटावर उडालं. दुखलं नाही म्हणून धुतलंही नाही. जेवले, घोरत झोपले. पहाटे किंचाळत उठले. आत हाडापर्यंत गेलं होतं ते. पुढे आयुष्यभर साडेनऊ बोटांनी काम केलं."

"मामा, हे हरित द्रावक आहे, निसर्गाला निर्धोक."

"हरित तर धोतऱ्याचं पानही असतं."

भाची चिडली, पण पोरगी मुळात शहाणी. त्या द्रवाचं सेफ्टी शीट कोणी उघडलंच नव्हतं, ते तिने शोधून काढलं. सोळा पानं. मामाच्या बाकावर बसून तिने वाचायला सुरुवात केली आणि सहाव्या पानावर बोट ठेवून तीच ओळ पुन्हा वाचली. सगळी आयॉनिक लिक्विडं अशी नसतात, पण यांच्या या लिक्विडात फ्लुओरिन होतं. पाणी आणि उष्णता मिळाली की ते हळूहळू तुटतं आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड सुटतं. वास नाही म्हणजे धोका नाही असं समजू नये. उघड्या कातडीला लावू नये. हातमोजे, चष्मा घालावा, वाफ ओढून घेणाऱ्या धुराड्याखालीच काम करावं. ओलावा दूर ठेवावा. सिंकमध्ये ओतू नये, पाण्यातल्या जिवांना घातक. या ॲसिडवर उतारा म्हणून जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम ठेवावं.

"आहे का मलम?" मामाने विचारलं.

"आहे. मुदत संपून चार वर्षं झाली."

"वा! म्हणजे मलमालाच आधी दवाखान्यात न्यायला हवं."

भाची हसली नाही. "मामा, गुरुवारी तपासणी समिती येतेय. या वेळी बोट मी बुडवायचंय. साहेब म्हणाले, नव्या पिढीच्या हाती सूत्रं द्यायला हवीत."

"आणि वाडग्यात काय असणार?"

"आठ वेळा वापरून, धुऊन, गरम करून परत मिळवलेलं. तोच तर अभिमान आहे त्यांचा, काही वाया जात नाही."

मामाने फ्लास्ककडे पुन्हा पाहिलं. धुऊन म्हणजे पाण्याने, आणि वर गरम करून! ज्याने फ्लास्क खाल्ला तोच माल. "नाही म्हण," तो म्हणाला.

"प्रबंधावर सही कोण करणार? तू?"

ही पोर चार वर्षांची असताना बहिणीने तिला मामाच्या पदरात टाकलं होतं आणि परदेशी नोकरीला गेली होती. तेव्हापासून तिची बोटं धरायचं काम मामाकडेच होतं. तो तडक वर गेला. साहेबांनी फ्लास्ककडे बघितलंही नाही. डावा हात हलवून म्हणाले, "मामा, तुम्ही काच सांभाळा, रसायन आम्ही सांभाळतो." उजवा हात कोटाच्या खिशात होता. मामाला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी मामाने हातमोजे चढवले, चष्मा लावला, भाचीला धुराड्याशी उभं केलं आणि त्या परत मिळवलेल्या द्रवातला थोडासा प्लास्टिकच्या कपात घेतला. त्यात थोडं पाणी घातलं, स्वतःच्या हाताने कापलेली स्वच्छ काचपट्टी अर्धी बुडवली आणि कप कोमट पाण्यात ठेवून दिला. गुरुवारी सकाळी भाची यायच्या आधी पट्टी काढून धुतली. वरचा अर्धा भाग लख्ख होता, खालचा धुक्यासारखा.

मग मामाने आयुष्यातली पहिली चोरी केली. समितीसाठी वाडग्यात काढून ठेवलेला द्रव हातमोजे घालून प्लास्टिकच्या बाटलीत ओतला, वाडगं घासूनपुसून लख्ख केलं आणि त्यात ग्लिसरीन भरलं. रबरी बुचात काचेची नळी सरकवायला तो नेहमी तेच लावायचा. रंगासाठी आपल्या चहाचे चार थेंब टाकले. भाचीला काही सांगितलं नाही, कारण तिला खोटं बोलता येत नव्हतं. कान लाल व्हायचे.

समिती आली. चार जण, त्यांत अध्यक्षबाई म्हणजे एक उंच, कंटाळलेल्या बाई. साहेबांनी वास नाही, वाफ नाही सुरू केलं. भाची पुढे झाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने डोळे मिटले आणि बोट बुडवलं. मामा दाराशी उभा राहून स्वतःवरच खूश झाला होता.

पण हे सुख मिनिटभर टिकलं. "बघा!" साहेब गरजले. "आणि या पोरीला कोणीतरी नाही नाही ते भरवलं होतं! आजपासून या प्रयोगशाळेत या द्रवासाठी हातमोजे बंद. उगाच कचरा. हीच आमची हरित संस्कृती!" समितीने माना डोलावल्या. अध्यक्षबाईंनीही कुतूहलाने बोट बुडवून पाहिलं. भाचीच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. ती हसत मामाकडे वळून म्हणाली, "उगाच घाबरवलंस रे मला!"

मामाला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. करायला गेलो काय आणि झालं काय! पोरीचं बोट आज वाचवलं आणि उद्यापासून दोन्ही हात घातले की त्या विषात. गप्प बसलं तर आठ महिने सुखाचे. बोललं तर मेमो, चौकशी, कदाचित हकालपट्टी.

"साहेब," मामा म्हणाला, "ते ग्लिसरीन आहे."

साहेब गर्रकन वळले. "काय?"

"ग्लिसरीन. आणि माझा चहा. बदललं मी. खरं इथे आहे." त्याने पुन्हा हातमोजे घातले, दाराआड ठेवलेली प्लास्टिकची बाटली आणून टेबलावर ठेवली आणि शेजारी काचपट्टी. "ही सोमवार संध्याकाळपासून खऱ्यात होती. वरच्या अर्ध्यातून मी दिसतो का? दिसतो. आता खालच्यातून बघा. काचेचं हे झालं, साहेब, आणि काच कातडीहून पुष्कळ निबर असते."

अध्यक्षबाईंनी पट्टीला हात न लावता वाकून पाहिलं. त्यांचा कंटाळा पार पळाला होता.

साहेब लालबुंद झाले. "ही बदमाशी आहे! काचवाला मला रसायनशास्त्र शिकवणार? ओत ते. मी बुडवतो बोट. आत्ता, सगळ्यांसमोर!"

"मी नाही ओतणार," मामा म्हणाला. "बुच तुम्हीच काढा."

साहेबांनी डावा हात पुढे केला. भाची त्या हाताकडे बघत राहिली. मग हळू आवाजात तिने विचारलं, "सर, डावा का? तुम्ही नेहमी उजवं बोट बुडवता."

"कुठलं का असेना!"

"उजवा हात खिशात का आहे, सर?"

साहेबांनी हात खिशात आणखी आत खुपसला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "दाखवा." अशा आवाजात म्हणाल्या की मामानेसुद्धा नकळत आपले हात पुढे केले असते. साहेबांनी उजवा हात बाहेर काढला. तर्जनीवर पट्टी होती. ती सोडली तेव्हा नखाखालचं मांस काळंराखाडी दिसलं.

"गेल्या महिन्याच्या पाहुण्यांनंतर सुरू झालं," ते पुटपुटले. "आधी नुसतं बधिर होतं. आता ठणकतं. म्हटलं, कुठेतरी दारात चेंगरलं असेल."

"म्हणून माझं बोट मागितलंत?" भाचीने विचारलं. "तुम्हाला शंका होती, आणि तरी माझं बोट?"

साहेब पट्टी पुन्हा बोटाला गुंडाळू लागले. मामाला वाटलं, उचलावी काठी आणि घालावी टाळक्यात. पण ते बोट पाहून त्याला उस्ताद आठवले आणि राग निम्म्यावर आला. त्याने सेफ्टी शीटची सोळा पानं साहेबांच्या काखेत खोचली. "दवाखान्यात डॉक्टरांना हे दाखवा, लक्ष घालून वाचतील. चला, चालायला बोट लागत नाही."

समितीतले दोघे साहेबांना घेऊन गेले. जाता जाता अध्यक्षबाई मामाला म्हणाल्या, "रसायन बदललंत त्याबद्दल तुमच्यावर कारवाई होणार, समजलं ना?"

"समजलं."

"कारवाईच्या फाइलला ही काचपट्टीही जोडेन. सगळ्यांनी बघू दे."

खोलीत दोघंच उरले. भाची आपलं बोट उजेडात धरून उलटंसुलटं न्याहाळत होती. "मामा, नक्की ग्लिसरीनच होतं ना?"

"नाहीतर काय! गोड लागतं. विश्वास नसेल तर चाखून बघ."

"प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं, मामा," ती म्हणाली. मग तिने खोक्यातून हातमोज्यांची नवी जोडी काढली, मनगटापर्यंत नीट ओढून घेतली, चष्मा लावला आणि ती प्लास्टिकची बाटली उचलून धुराड्याखाली नेऊन ठेवली. मामाला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.