सेतोअराशीचा अंबाडा
सेतोअराशी बसल्या बसल्या पुन्हा झोपला आणि त्याच्यामागे गुडघे टेकून बसलेल्या तोकोमिनोचा कंगवा जागच्या जागी थांबला. एकशे एकोणनव्वद किलोंचा तो देह पुढे कलला, घोरणं अर्ध्यावर तुटलं आणि मग काहीच नाही. श्वास आतही नाही, बाहेरही नाही.

एक, दोन, तीन... तोकोमिनो मनात मोजायला लागला.

सुमो पैलवानांची डोकी विंचरण्यात त्याची एकेचाळीस वर्षं गेली होती. केसांना तेलकट मेण चोळायचं, दातांत कागदी दोरी धरून करकचून आवळायची आणि वर पानासारखा अंबाडा पसरायचा. तो पानाचा अंबाडा नसला तर वरच्या गटातला पैलवान रिंगणात पाय ठेवू शकत नाही.

पंधरा. वीस. शेजारच्या चटईवर दोघं खिदळत होते. अरे मेल्यांनो, गप्प बसा की जरा! सव्वीस. एकतीस. ओठ निळे पडायला लागले तसा त्याने सेतोच्या पाठीत जोरात बुक्का घातला.

"हं! काय? माझं नाव पुकारलं?" सेतो धापा टाकत म्हणाला.

"वीस मिनिटं आहेत अजून. एकतीस झाले, सेतो. परवा चोवीस होते."

"तुम्ही मोजत बसता काका, म्हणून वाढतात. बांधा लवकर."

म्हणे मोजल्यामुळे वाढतात! पण त्याची घाई खोटी नव्हती. स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. सात कुस्त्या जिंकल्या, सात हरल्या. आजची मारली तर वरच्या गटात जागा टिकणार. हरला तर पगार बंद, बायको आणि तान्ही लेक सासुरवाडीला, आणि चौतिसाव्या वर्षी ह्याने तालमीतल्या पोराटोरांबरोबर मोठ्या खोलीत झोपून भांडी घासायची.

आणि तोकोमिनोच्या कंगव्यांच्या पेटीत, तळाशी, डॉक्टरांची चिठ्ठी होती. हृदय फुगलंय, झोपेत श्वास अडतो, कुस्ती आजच्या आज थांबवा, वजन उतरवा. सेतोनेच ती तिथे लपवली होती. केशकाराच्या पेटीला दुसरं कोणी हात लावत नाही आणि कंगव्याखाली बोललेलं बाहेर जात नाही, ही ह्या लोकांची जुनी रीत. त्या रीतीपायी तोकोमिनो तीन आठवडे मूग गिळून बसला होता. स्वतःची लाज वाटत होती त्याला.

त्याने दोरी दातांत धरली, केसांभोवती वेढा दिला, आणि आवळताना हातांना दुसरंच डोकं आठवलं.

बारा वर्षांपूर्वीचा तात्सुनोबोरी. त्याच तालमीतला पैलवान, अठ्ठावीस वर्षांचा. दुपारचं दाबून जेवला, सगळ्यांसारखा आडवा झाला, तो उठलाच नाही. पोराला अंबाडा बांधूनच निरोप द्या, असं त्याची आई म्हणाली. दोघांनी डोकं धरलं आणि तोकोमिनोने दोरी आवळली. जिवंत माणूस आवळताना कळवळतो, शिव्या घालतो. तात्सु काहीच बोलला नाही.

तोकोमिनोने दोरी थुंकून टाकली.

"मी बांधणार नाही."

"काका, ही चेष्टेची वेळ आहे का?"

"तात्सुचा अंबाडा मी तो आडवा पडलेला असताना बांधला. तुझा तसा बांधायची पाळी माझ्यावर आणू नकोस."

"फक्त आजची कुस्ती! मग दवाखाना, उपास, पालेभाजी, तुम्ही म्हणाल ते करतो."

"फक्त आजची, फक्त आजची! पंधरा दिवस रोज तेच ऐकतोय मी."

"घरात लेकरू आहे माझ्या, काका!"

"म्हणूनच सांगतोय ना, गाढवा!"

सेतोचा चेहरा लालबुंद झाला. समोरच्या चटईवरच्या केशकाराला त्याने हाक मारली, "अहो, जरा इकडे या. आमच्या म्हाताऱ्याचे हात कापतायत." तो बिचारा कंगवा घेऊन उठलाही. दहा मिनिटं उरली होती.

तोकोमिनोने पेटीतली चिठ्ठी काढली आणि दाराशी काठी टेकून उभ्या असलेल्या तालमीच्या वस्तादांपुढे धरली.

"वस्ताद, हे वाचा."

वस्तादही एके काळी असेच डोंगराएवढे होते. त्यांच्यासकट वरच्या गटात चढलेल्या पाच जणांत साठी त्यांनी एकट्यांनीच पाहिली होती, तीही मधुमेहाच्या गोळ्या खात. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"तीन आठवडे."

"थोबाड फोडायला हवं तुझं," वस्ताद हळूच म्हणाले. मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे गरजले, "सेतो! लंगोट सोड. आजची कुस्ती नाही."

बाहेर सेतोचं नाव पुकारलं गेलं. समोरचा पैलवान एकटाच रिंगणात चढला आणि न लढता जिंकून उतरला. लोकांचा हळहळल्याचा आवाज आत आला.

"बुडवलंस मला," सेतो तोकोमिनोला म्हणाला. पहिल्यांदाच अरेतुरे. "पुन्हा माझ्या डोक्याला हात लावलास तर मोडून ठेवीन."

कुस्ती त्याने सोडली, औषधं सुरू केली, पण आठ महिने हा शब्दही पाळला. अंबाडा निवृत्तीच्या समारंभापर्यंत ठेवावा लागतो, तो दुसऱ्या तालमीतल्या केशकाराकडून बांधून घेतला. वाटेत दिसला की मान फिरवायचा. तोकोमिनोला ते फार लागायचं. बरोबर केलं हे माहीत असूनही लागायचं.

मग निवृत्तीचा दिवस उजाडला. त्या दिवशी तीनशे माणसं एकेक करून केसांची बट कापणार, शेवटचा घाव वस्तादांचा, आणि अंबाडा कायमचा उतरणार. तोकोमिनो कोपऱ्यात पेटी घेऊन उगीच बसला होता. दार सरकलं. सेतो आत आला, चाळीस किलो उतरलेला, गळ्याची कातडी लोंबणारा, आणि त्याच्यापुढे पाठ करून बसला.

"हळू ओढा," एवढंच म्हणाला.

तोकोमिनोने कंगवा घातला. निम्मे केस विंचरून होतात न होतात तोच समोरची मान पुढे पडली. हात थांबला. एक...

श्वास आला. लांब, शांत, हलकेच बाहेर गेला. एक... पुन्हा आला. दोनपर्यंत मोजायची वेळच येईना. म्हाताऱ्याला समोरचे केस दिसेनासे झाले.

दारावर काठी आपटली. "अरे, आटपा! सगळे खोळंबलेत!"

"खोळंबू देत, वस्ताद," तोकोमिनो कुजबुजला, "झोपलाय तो."